१०० ची नोट: छपाईची चूक की धुतलेला रंग?

जुन्या बाजारात १०० ची जांभळी नोट ‘एरर’ (छपाईत चुकलेली) म्हणून विकायला आहे. मागची बाजू जवळजवळ कोरी. घ्यावी का?

— आधी यूव्ही (अतिनील प्रकाशाचा) टॉर्च मारा. नोटेचा कागद मंद दिसायला हवा. निळसर-पांढरा चमकला तर बहुधा साबणात धुतलीय. नोट टप्प्याटप्प्याने छापतात: पार्श्वभूमी ऑफसेटने (सपाट छपाई), गांधीजी इंटॅग्लिओने (हाताला लागणारी उठावदार छपाई), नंबर लेटरप्रेसने (ठशांची छपाई). खऱ्या चुकीत एखादाच टप्पा गायब, बाकीचे ठणठणीत. सगळंच थोडंथोडं फिकं? मग ब्लीच.

— कडेच्या चार तिरक्या रेषाही उठावदार असतात; त्यांवरून नखही फिरवा. खरखर लागली पाहिजे. वापरून गुळगुळीत झालेली नोट मात्र यात फसवते.

— आणि नंबरातली चांदणी म्हणजे चूक नव्हे! खराब छापलेल्या नोटेच्या जागी घातलेली ती बदली नोट. त्यासाठी विक्रेत्याला उगाच पैसे मोजू नका.