३०४च्या काकूंचा फोन कोणाला आला का?

ए-२०१ काकू: ३०४च्या काकूंचा फोन कोणाला आला का? लडाखच्या वाटेवर गुरुवारी सकाळी जिस्पाहून बोलल्या, "आता बारालाचा खिंड ओलांडतोय." त्यानंतर काहीच नाही. आज शनिवार. काका-काकू दोघांचेही फोन लागत नाहीत. घराची किल्ली माझ्याकडे, तुळशीला पाणी घालते, पण रात्रभर डोळा लागला नाही.

बी-४०३: नमस्कार. लिफ्ट बंद पडून आज चौथा दिवस. चेकवर खजिनदारांची सही लागते आणि खजिनदार, म्हणजे ३०४चे काकाच, लडाखला. आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, चार दिवस फिजिओथेरपी बुडाली. चेकचं काय?

ए-२०१ काकू: अहो, मी काय विचारतेय आणि तुम्ही काय!

बी-१०१: तळीच बघायची होती तर आपल्या बडोद्याचा सूरसागर काय वाईट होता? चालत दहा मिनिटं.

ए-२०१ काकू: ही चेष्टेची वेळ नाही रे.

बी-१०१: सॉरी काकू.

ए-३०२: काकू, घाबरू नका. मी बाइकवर गेलोय त्या रस्त्याने. दारचा सुटलं की पुढे बहुतेक ठिकाणी रेंज नसते. आणि बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालतच नाही, पोस्टपेड लागतं. काकांचं काय आहे?

ए-२०१ काकू: काकांचं पोस्टपेड, काकूंचं प्रीपेड.

ए-३०२: मग तेच. लेहला पोचले की लागेल. मी त्यांना एकच बजावलं होतं, सरचूला मुक्काम नको. ४,२०० मीटरच्या वर आहे ते, झोप लागत नाही, डोकं धरतं. मनालीला दोन रात्री, जिस्पाला एक, मग पहाटे निघून थेट लेह.

बी-२०२: मला काळजी गाडीची आहे. २०२४च्या पुरात विश्वामित्रीचं पाणी शिरलं तेव्हा ही गाडी तळघरातच होती. सीटपर्यंत पाणी. अशी गाडी घेऊन कोणी ५,३२८ मीटर उंचीच्या 'तांगलांग ला' खिंडीवर चढतं?

ए-१०४: पुराचं काढताय तर हेही काढा, की त्या रात्री तळघराचा पंप बंद होता. कोणाच्या हट्टाने?

बी-२०२: लाइट नव्हती. मिनिट्समध्ये आहे.

ए-१०४: मिनिट्स कोणी लिहिले तेही माहीत आहे.

सेक्रेटरी: विनंती आहे, पुराचा विषय सर्वसाधारण सभेत. गाडी दुरुस्त झाली तेव्हा इंजिन उघडून साफ केलं होतं, काकांनी मला बिल दाखवलंय.

बी-४०३: लिफ्टच्या चेकचं काय? पुन्हा विचारतोय.

ए-२०१ काकू: एक सांगते. चाळीस वर्षं झाली लग्नाला. त्यात काकूंनी सासूचं दुखणं काढलं, दोन बाळंतपणं केली मुलींची, पण स्वतः होऊन कुठे गेल्या नाहीत. एक पंढरपूर सोडून. यंदा काकांनी विचारलं, कुठे जायचं? म्हणाल्या, पाणी आणि डोंगर असेल तिथे. मग काकांनी वहीत रस्ता आखला. उदयपूरला फतेहसागर, बिलासपूरजवळ गोविंदसागर, अटल बोगदा, दीपक ताल, सूरज ताल, शेवटी पँगाँग. ती वही घेऊन माझ्याकडे आल्या होत्या दाखवायला.

ए-२०१ काकू: बुधवारी टांडीहून फोन केला. तिथे चंद्रा आणि भागा या दोन नद्या मिळतात, पुढे तीच चिनाब. संगमाला दोघी मिळून चंद्रभागाच म्हणतात. काकू खाली उतरल्या, ओंजळभर पाणी डोळ्यांना लावलं. म्हणाल्या, "एकादशीला पंढरीला नाही, पण चंद्रभागा भेटली गं." पाणी इतकं गार की बोटं वाकेनात. मला इथे मांडवीच्या गर्दीत उभ्या उभ्या रडू आलं.

बी-२०२: हे माहीत नव्हतं मला.

बी-१०१: टांडीला पेट्रोल भरलं ना? तिथे बोर्ड आहे, पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर.

ए-३०२: भरलं. फोटो पाठवला होता काकांनी.

बी-४०३: सगळं खरं. पण चेक?

बी-३०४ काका: सर्वांना नमस्कार. आम्ही लेहला सुखरूप. काल रात्री दहाला पोचलो, हॉटेलचं वायफाय आत्ता चालू झालं.

ए-२०१ काकू: देवा विठ्ठला!

बी-३०४ काका: चूक माझी. दुपारी वरचा बर्फ वितळतो आणि वाटेतल्या नाल्याला पाणी चढतं, म्हणून तो सकाळीच ओलांडायचा असतो. आम्ही जिस्पाहून नाश्ता करून निघालो. झिंगझिंगबारपाशी पाच तास अडकलो. मग सरचूलाच तंबूत राहावं लागलं. हिचं डोकं रात्रभर ठणकलं. गाडीने मात्र कुठे कुरकुर केली नाही. इथे दोन दिवस आराम करून मगच पँगाँग, तेही ही बरी असेल तरच.

बी-३०४ काका: ही सांगतेय ते लिहितो. सूरज तालाच्या कडेला अजून बर्फ होता. त्याच्या खालून पाणी खळखळत होतं, दिसत नव्हतं. तिथूनच भागा निघते. ही तिथे कान लावून बसली होती, मी दोनदा हाक मारली तेव्हा उठली.

बी-३०४ काका: लिफ्टचा चेक निघायच्या आदल्या दिवशी सही करून ऑफिसच्या निळ्या फाइलीत ठेवलाय. रजिस्टरला नोंद आहे.

सेक्रेटरी: सापडला. दोन बिलांच्या मध्ये गेला होता. ४०३, माफ करा, मी नीट बघायला हवं होतं.

बी-४०३: काका, तुमच्याबद्दल बोललो ते मनावर घेऊ नका. आईमुळे जीव टांगणीला लागला होता.

बी-३०४ काका: आईंना नमस्कार सांगा.

ए-२०१ काकू: काकूंचं डोकं उतरलं का? उद्या एकादशीचा वरघोडा, म्हणजे विठ्ठलाची मिरवणूक आहे. दोघांच्या नावाने तुळशीमाळ वाहते. तुमच्या कुंडीतली तुळस नाही तोडणार, बाहेरून आणीन.

बी-३०४ काका: उतरतंय. कोमट पाणी पितेय. म्हणते, कुंडीतलीच ने.

सेक्रेटरी: लिफ्टवाला चारला येतोय. खाली कोण थांबेल?

बी-२०२: मी थांबतो.