मरणाची वेळ आधी कळली तर? ही कादंबरी मुलांच्या कपाटात असावी का?

सुरंगी (वेंगुर्ला)
आमच्या वाचनालयात दर शनिवारी मी नववी ते बारावीच्या मुलांसोबत बसते. गेल्या महिन्यात एका अकरावीतल्या मुलीने ॲडम सिल्व्हेराची २०१७ची इंग्रजी कादंबरी नेली, 'दे बोथ डाय ॲट द एन्ड', म्हणजे 'शेवटी दोघेही मरतात'. आठवड्याने तिच्या आईने ती टेबलावर आणून ठेवली. "हे मुलांच्या कपाटात नको," एवढंच बोलल्या.

गोष्ट अशी. न्यूयॉर्कमध्ये 'डेथ-कास्ट' नावाची सेवा आहे. ज्याचा दिवस भरला त्याला मध्यरात्रीनंतर फोन येतो, की आजच्या दिवसात तुम्ही जाणार. कसे, किती वाजता, ते सांगत नाहीत. अठरा वर्षांचा मातेओ आणि सतरा वर्षांचा रूफस यांना एकाच रात्री फोन येतो. ओळख नाही, पाळख नाही. शेवटच्या दिवसाचा सोबती जुळवून देणाऱ्या ॲपवर ते भेटतात आणि दिवस संपेपर्यंत एकमेकांच्या प्रेमात पडतात. शेवट नावातच आहे, तरी मी रात्री दोनपर्यंत वाचत बसले.

माझं मत, असावी. मातेओ भित्रा आहे. फोन आल्यावरही त्याला वाटतं, दार लावून घरातच बसावं. चार माणसांत गाणं म्हणायचं तर त्याच्या पोटात गोळा येतो. अशी मुलं मी दर शनिवारी बघते. बारावी होऊ दे, मग मुंबई, मग नोकरी, जगायचं त्यानंतर. त्यांना कोणीतरी हलवायला हवं.

हर्णै बंदर
माझा विरोध आहे, आणि तो मनापासून आहे. २००९च्या नोव्हेंबरात फयान वादळ आलं तेव्हा मी आठवीत होतो. काकांची होडी आलीच नाही. काकू दोन दिवस धक्क्यावरून हलली नाही. आम्हाला कुठला फोन आला होता?

या पुस्तकात भरभरून जगणं म्हणजे एक दिवस. नाचा, गा, प्रेम करा, कारण उद्या कामावर जायचं नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा आमच्या ओसरीवर या. वडील फाटलेलं जाळं सांधत बसलेले असतात, नारळी पौर्णिमेनंतरच्या दर्यासाठी. ज्या दर्याने भाऊ नेला त्याच दर्यासाठी. मी त्याला जगणं म्हणतो. पोरांना हे कोण दाखवणार?

अष्टागर
१७ जुलै १९४७ला मुंबईहून रेवसला निघालेली रामदास बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली. सहाशेहून जास्त माणसं गेली. माझे पणजोबा त्यात होते. आमच्या घरी ही गोष्ट लहान मुलांसमोरच सांगतात, आवाज न उतरवता. तेव्हा मरणाचं पुस्तक मुलांपासून लपवावं हे मला पटत नाही. पण त्या फोनवर माझा आक्षेप आहे. फोन आला असता तर त्या बोटीत पाय कोणी ठेवला असता?

सुरंगी (वेंगुर्ला)
फोनने कोणी वाचत नाही, हेच तर त्यात आहे. रूफसच्या आईवडिलांना आणि बहिणीला फोन आला होता. तरी गाडी हडसन नदीत गेली, आणि हा एकटा वर आला. हर्णैकर, तुमच्या घरातलं दुःख त्याला कळेल. पण तुमच्या वडिलांच्या जाळ्याचं पुस्तकात काहीच नाही, हे खरं. तिथे मला उत्तर सुचत नाही.

तळकोकण
आमची आजी भादव्यात म्हाळाचा पान वाढताना म्हणायची, "गेलेल्यांका भूक लागता, आणि जितो आसा तेणा पयलो घास तेंका देवचो." पोरां बाजूक बसान बघायची. कोण घाबरला नाय.

पालगडची माती
'श्यामची आई' १९३५ची. आई जाते हे माहीत असूनही पिढ्यांनी वाचलं, रडले, मोठे झाले. इंग्रजी पुस्तक आलं की एवढा प्रश्न का?

खाडीकाठची
पुस्तक परत आणणारी आई मीच. नाव लिहीत नाही.

श्यामच्या आईचं दुखणं मुलांना पानोपानी दिसतं, तयारी होते. इथे फोन वाजतो आणि संपलं. माझे यजमान जहाजावर आहेत. त्यांचा फोन रात्रीच येतो, कधी एक, कधी दोन वाजता. लेक लहान असल्यापासून झोपेतून उठून धावत यायची. पुस्तक घरात आलं आणि ती माझा मोबाईल उशीखाली दाबून ठेवायला लागली. एका रात्री वाजला तर म्हणाली, "आई, उचलू नकोस." पुस्तक मी काढून घेतलं, सुरंगीताई. भरभरून जगणं वगैरे मला त्या वेळी सुचलं नाही.

हर्णै बंदर
ताई, बरोबर केलंत.

सुरंगी (वेंगुर्ला)
हे तुम्ही त्या दिवशी सांगितलं असतं तर... नाही, चुकलं. मीच विचारायला हवं होतं. तुम्ही टेबलापाशी उभ्या होतात आणि मी वही भरत राहिले. पुस्तक कपाटात ठेवलेलं नाही, माझ्या खणात आहे. मत मात्र बदललेलं नाही.

खाडीकाठची
तिची शेवटची पानं राहिली आहेत. रोज मागते. म्हटलं, शेवट नावातच लिहिलाय की गं. तर म्हणाली, "मरतो ते माहितीये. त्याआधी तो सगळ्यांसमोर गातो का, ते बघायचंय."

शनिवारी तिला घेऊन येते. ती वाचेपर्यंत मी तिथेच बसेन.