सी-604 च्या लायसन्सचा घोळ आणि गेटवरून परत गेलेलं पाकीट

वैशाली (सी-604), 7:52
नमस्कार. गेल्या महिन्यात माझ्या नावाचं आरटीओचं स्पीड पोस्ट गेटवर आलं होतं. ते कोणी आणि का परत पाठवलं? ट्रॅकिंगवर ‘घरी कोणी नाही’ असा शेरा आहे. सासूबाई चोवीस तास घरी असतात. कमिटीने कृपया इथेच उत्तर द्यावं.

मोरे सेक्रेटरी (बी-701), 8:05
ताई, ग्रुपवर टाकण्याआधी एक फोन केला असतात तर बरं झालं असतं. टपाल ज्याचं त्याने बघायचं असतं.

देशपांडे काका (ए-101), 8:06
गेटवर टपालाची वही ठेवा. मी मागच्या एजीएमला लेखी दिलं आहे.

शबाना (सी-603), 8:09
वैशाली, काय झालं गं? रात्री दीडला तुमच्याकडे लाइट होता.

वैशाली (सी-604), 8:21
शबाना, सांगते. लायसन्स रिन्यू करायला परवा सारथी वेबसाइटवर अर्ज भरला, तर स्टेटस ‘निलंबित’! काल ऑफिसला अर्धी रजा टाकून आरटीओत गेले. 3 महिन्यांसाठी सस्पेंड, आणि कारण काय तर दारू पिऊन गाडी चालवणे. रात्री 11:40 ला. मी!

सचिन (बी-302), 8:23
वहिनी, पार्टीला आम्हाला नाही बोलावलंत 😄

शबाना (सी-603), 8:24
सचिन, वेळ बघ जरा.

वैशाली (सी-604), 8:27
सचिन, काल त्या खिडकीवर मागे आठ-दहा लोक उभे होते. साहेबांनी मोठ्याने वाचलं, ‘ड्रंक अँड ड्राइव्हची केस ना?’ सगळ्यांनी वळून माझ्याकडे बघितलं. मला हसू येत नाहीये.

सचिन (बी-302), 8:29
सॉरी वहिनी. डिलीट करतो.

अॅड. नीता (ए-403), 8:34
वैशाली, पोलिसांचा मूळ कागद बघितलास का?

वैशाली (सी-604), 8:46
हो, हट्टाने बघितला. नावाच्या रकान्यात कुणा पुरुषाचं नाव, वाहन टेम्पो, त्याचा नंबर आमच्या कुठल्याच गाडीचा नाही. लायसन्स नंबर हाताने लिहिलेला आहे. शेवटून तिसरा आकडा 1 आहे, पण त्याला वर अशी शेंडी काढली आहे की तो 7 वाटतो. कॉम्प्युटरवर 7 टाकला गेला, आणि 7 टाकल्यावर आलं ते माझं नाव. पुढे कुणी नाव जुळवूनच बघितलं नाही.

काळे काकू (ए-202), 8:47
शुभ सकाळ 🙏 आज टँकर किती वाजता येणार आहे?

मोरे सेक्रेटरी (बी-701), 8:48
10 वाजता. काकू, पाण्याचा ग्रुप वेगळा आहे.

अॅड. नीता (ए-403), 8:55
मोटार वाहन कायद्याच्या कलम 19 मध्ये लायसन्स काढून घेण्याआधी माणसाला म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. ते परत गेलेलं पाकीट म्हणजे बहुतेक हीच नोटीस. उत्तर आलं नाही म्हणून आदेश निघाला असणार.

वैशाली (सी-604), 8:57
आदेशात तेच लिहिलंय. ‘संधी देऊनही खुलासा सादर केला नाही.’

देशपांडे काका (ए-101), 8:58
म्हणूनच म्हणतो, गेटवर टपालाची वही ठेवा. कोण आलं, काय आलं, कोणी घेतलं, सही.

मोरे सेक्रेटरी (बी-701), 9:04
काका, वही ठेवली तर ती लिहिणार कोण? जुनी एजन्सी काढू नका म्हणून मी सांगत होतो. महिन्याचे चार पैसे वाचवायचा आग्रह कोणाचा होता, ते सगळ्यांना माहीत आहे. नवीन वॉचमनला बिल्डिंग सी कुठली हेही महिनाभर कळत नव्हतं.

देशपांडे काका (ए-101), 9:06
आग्रह माझा होता, लपवत नाही. पण इंटरकॉम एप्रिलपासून बंद आहे, तो माझ्यामुळे नाही. वॉचमनने पोस्टमनला सांगायचं तरी काय?

मोरे सेक्रेटरी (बी-701), 9:07
इंटरकॉमचं कोटेशन तुमच्याच सहीसाठी पडून आहे, काका. आदरपूर्वक सांगतो.

सचिन (बी-302), 9:10
भांडण नंतर. वहिनी, तुम्ही बिनधास्त गाडी चालवा. चूक त्यांची आहे. कोण अडवतंय?

अॅड. नीता (ए-403), 9:13
अजिबात नाही! सचिन, असले सल्ले देऊ नकोस. आदेश चुकीचा असला तरी रद्द होईपर्यंत लागू असतो. निलंबित लायसन्सवर गाडी चालवली तर कलम 182 लागतं, 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही. वर कुठे धक्का लागला तर विमा कंपनी हात वर करेल. आज तिच्या बाजूने सगळं स्वच्छ आहे, ते तसंच राहू दे.

सचिन (बी-302), 9:15
मग ओळखीचा एजंट आहे, नंबर देऊ का? दोन दिवसांत काम करतो म्हणे.

वैशाली (सी-604), 9:19
नको. मी दारू प्यायले नाही, मग पैसे देऊन काय मिटवू? माझ्या नावापुढचा शेरा पुसला गेला पाहिजे, तोही कागदावर.

अॅड. नीता (ए-403), 9:31
बरोबर. आता नीट ऐक. आदेशाची प्रत कधी मिळाली त्याचा पुरावा जपून ठेव, कारण अपिलाचे 30 दिवस प्रत मिळाल्यापासून धरतात. दारूची केस जागेवर दंड भरून मिटत नाही, कोर्टात जाते. म्हणजे कोर्टाच्या कागदांवर त्या खऱ्या माणसाचं नाव असणार. ती नक्कल काढू. वाहतूक शाखेकडून ‘लायसन्स क्रमांक चुकून नोंदवला गेला’ असं पत्र घ्यायचं, ते आरटीओत लावायचं. अर्ज दोन प्रतींत, आपल्या प्रतीवर आवक शिक्का. तोंडी ‘बघतो’वर कुठूनही उठायचं नाही. टाळाटाळ झाली तर 10 रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज आहेच.

वैशाली (सी-604), 9:33
ताई, आज दुपारी येशील का बरोबर? काल एकटीला सुचतच नव्हतं.

अॅड. नीता (ए-403), 9:34
अडीचला गेटपाशी.

काळे काकू (ए-202), 9:36
माझ्या लायसन्सवर अजून माहेरचा पत्ता आहे. माझी नोटीस तर दादाकडे जाईल!

अॅड. नीता (ए-403), 9:38
काकू, आजच बदला. मोबाइल नंबरही. आधारच्या ओटीपीवर घरबसल्या होतं. आणि सगळ्यांनीच आपला लायसन्स नंबर सारथीवर टाकून एकदा स्टेटस बघा.

देशपांडे काका (ए-101), 9:40
आणि गेटवर टपालाची वही ठेवा.

मोरे सेक्रेटरी (बी-701), 9:52
वॉचमनशी बोललो. तो म्हणतो, पोस्टमनला घाई होती, इंटरकॉम लागला नाही, मला गेट सोडता येत नव्हतं. वैशालीताई, ही चूक आपल्या गेटवर झाली. कमिटीतर्फे दिलगीर आहे. वही आज संध्याकाळपासून सुरू. काका, कोटेशन घेऊन 7 वाजता तुमच्याकडे येतो.

देशपांडे काका (ए-101), 9:54
या. चहा घेऊनच जा.

शबाना (सी-603), 9:58
वैशाली, डायलिसिसचं काय? सोमवार-बुधवार-शुक्रवार आईंना तूच नेतेस ना?

वैशाली (सी-604), 10:03
हो गं. तीच खरी काळजी आहे. निलंबनाचे अजून 7 आठवडे आहेत. काल रिक्षाने नेलं, पण येताना त्यांना फार गरगरतं, खड्ड्यांत हात धरून बसावं लागतं. आमच्या गाडीत पुढची सीट मागे पाडून झोपवून आणायचे.

शबाना (सी-603), 10:05
सोमवार आणि बुधवार माझे.

सचिन (बी-302), 10:11
वहिनी, शुक्रवारी मी. तुमचीच गाडी घेऊ, आईंना त्या सीटची सवय आहे. किती वाजता निघायचं?

वैशाली (सी-604), 10:14
6:15. लिफ्टपाशी. उशीवर टाकायला त्यांची शाल लागते, मी देईन.

सचिन (बी-302), 10:15
6:10 ला खाली आहे.