जुना संगणक राउटर म्हणून वापरायचा असल्यास एकच नेटवर्क पोर्ट पुरेल का?

प्रश्न:
माझ्याकडे दोन कोअरचा प्रोसेसर आणि ४ जीबी मेमरी असलेला एक जुना डेस्कटॉप पडून आहे. सध्याच्या राउटरमध्ये फायरवॉलचे नियम मनाप्रमाणे लिहिता येत नाहीत, शिवाय कोणी मोठी फाइल अपलोड करायला घेतली की इतरांचे व्हिडिओ कॉल अडखळतात. म्हणून या डेस्कटॉपवर लिनक्स टाकून त्यालाच राउटर करण्याचा विचार आहे. त्याला नेटवर्कचे एकच पोर्ट आहे. तेवढ्यावर भागेल का?

उत्तर १:
भागते, पण व्हीलॅन (एकाच केबलवर वेगवेगळी ठेवलेली जाळी) समजणारा स्विच लागतो, आणि आत-बाहेरची सगळी वाहतूक त्या एकाच केबलवरून जाते. त्यापेक्षा संगणकाच्या आतल्या पीसीआय एक्सप्रेस खाचेत दुसरे नेटवर्क कार्ड बसवणे सोपे. यूएसबी अडॅप्टरवर अहोरात्र चालणारी जोडणी मी तरी सोपवणार नाही.

बाकी काम लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नलच करते. आयपी फॉरवर्डिंग, म्हणजे एका पोर्टवर आलेली डेटाची पॅकेटे दुसऱ्यावरून पुढे पाठवणे, मुळात बंद असते, ते सुरू करावे. खाजगी पत्ते एका सार्वजनिक पत्त्याआड नेण्यासाठी एनएफटेबल्स या लिनक्सच्या फायरवॉल-साधनात मास्करेडचा (पत्ता बदलण्याचा) नियम लिहावा आणि आतल्या यंत्रांना पत्ते देण्याचे काम डीएनएसमास्क या प्रोग्रामकडे द्यावे. मात्र मास्करेड म्हणजे फायरवॉल नव्हे. आयपीव्ही६ या नव्या पत्ता-पद्धतीत प्रत्येक यंत्राला सहसा स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळतो, त्यामुळे बाहेरून सुरू होणाऱ्या जोडण्या नाकारण्याचा नियम फॉरवर्ड साखळीत (राउटरमधून आरपार जाणाऱ्या पॅकेटांच्या नियमांच्या यादीत) स्वतंत्रपणे लिहिला नाही, तर आतली यंत्रे उघडी पडतात.

कॉल अडखळतात ते बहुधा मोडेममध्ये पॅकेटांची लांबलचक रांग साचल्यामुळे. २०१८ मधल्या ४.१९ आवृत्तीपासून कर्नलमध्ये ‘केक’ हा रांग-व्यवस्थापक आहे. त्याला अपलोडची मर्यादा प्रत्यक्ष वेगापेक्षा किंचित कमी सांगावी, म्हणजे रांग मोडेमऐवजी तुमच्या यंत्रात लागते आणि तिथे प्रत्येक प्रवाहाला न्याय्य वाटा मिळतो.

उत्तर २:
विजेचा हिशेब आधी करावा असे मला वाटते. यंत्र सरासरी ५० वॅट घेत असेल, तर वर्षभरात ४३८ युनिटे होतात. लहान, पंखा नसलेल्या संगणकाला याच कामासाठी बरीच कमी वीज पुरते. नियम हाताने लिहिण्याचा कंटाळा असेल, तर फ्रीबीएसडीवर आधारलेले ओपीएनसेन्स पाहा, त्यात सगळे ब्राउझरमधून करता येते. वायफायसाठी जुना राउटरच ठेवा, त्याचे डीएचसीपी (यंत्रांना पत्ते वाटण्याचे काम) बंद करा, त्याला नव्या राउटरच्या पत्त्याशी न भांडणारा पत्ता द्या आणि केबल त्याच्या लॅन पोर्टमध्ये लावा.

प्रश्नकर्ता:
दुसरे कार्ड बसवले, केकही लावले. आता अपलोड चालू असताना कॉल व्यवस्थित चालतात. मात्र काही संकेतस्थळे अर्धवट उघडून थांबतात, पिंग (पोहोच तपासणारा छोटा संदेश) मात्र सर्वत्र पोहोचते. जोडणी पीपीपीओईची (नाव आणि पासवर्ड देऊन सुरू होणारी) आहे.

उत्तर १:
मग कारण त्यातच असावे. पीपीपीओई प्रत्येक पॅकेटमधले ८ बाइट घेते, त्यामुळे १५०० ऐवजी १४९२ बाइटच उरतात. पिंगची पॅकेटे लहान असल्याने ती निघून जातात. मोठी पॅकेटे वाटेत टाकली जातात, आणि ‘आकार कमी करा’ हा आयसीएमपीचा (नेटवर्कमधल्या अडचणी कळवणारा) संदेश एखाद्या फायरवॉलने अडवला, तर पाठवणाऱ्याला ते कळतही नाही. फॉरवर्ड साखळीत टीसीपीचे एमएसएस (एका पॅकेटात मावणाऱ्या डेटाची मर्यादा) मार्गाच्या एमटीयूनुसार (सर्वांत मोठ्या पॅकेटच्या आकारानुसार) बसवणारा नियम घाला. आयपीव्ही४ साठी ते १४५२ होईल. आणि तुमच्या स्वतःच्या नियमांत आयसीएमपी सरसकट अडवले असेल, तर तेही मोकळे करा.