अँटिबायोटिकने तुम्हाला काय काय दाखवलं?

शेवग्याची_शेंग:
काल धाकट्याची दाढ सुजली म्हणून डेंटिस्टने मेट्रोनिडाझोल दिलं. रात्री वरणभात खाता खाता तोंड वाकडं करून म्हणतो, "आई, वरणात पैसा पडलाय का?" आणि मी एकदम पंचवीस वर्षं मागे, हॉस्टेलच्या खोलीत. आमांश झालेला, हीच गोळी, आणि आठवडाभर प्रत्येक घासाला कडी-कुलूप चाटल्याची चव. मला वाटलं मेसच्या काकूंनी कल्हई गेलेल्या पातेल्यात आमटी केली आणि ती कळकली, जाऊन चांगली भांडले पण! गोळीचा प्रताप आहे हे नंतर कळलं, काकूंची माफी मागायची राहिली ती राहिलीच. लिहा तुमचे पण.

खवचट_पेठकर:
मेसची आमटी होती ना, मग गोळीला कशाला बदनाम करता.

बाभूळ:
बाबांना टीबी निघाला २००९ ला. गोळ्या सुरू झाल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बाथरूममधून हाक, रक्त जातंय म्हणून. रिक्षा करून पळत दवाखान्यात, तर सिस्टर शांतपणे म्हणाली, रिफाम्पिसिनचा रंग आहे तो, लघवी केशरीच होणार. अहो मग आदल्या दिवशी सांगायचं ना! घाम पण तसाच, सहा महिने बनियन गळ्याशी नारिंगी आणि आईची निळीची बाटली संपता संपता. डोळे पिवळे दिसले किंवा जेवण जाईना तर मात्र लगेच या म्हणाली, ते लिव्हरचं, ते वेगळं.

कुडाळचो_झील:
आमच्याकडे लावणीच्या दिवसात लेप्टोसाठी (लेप्टोस्पायरोसिसचा ताप) डॉक्सी, म्हणजे डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या, वाटतात. मी चिखलातून येऊन घोटभर पाण्यावर टाकली आणि तसाच आडवा. ती बसली अन्ननलिकेत अडकून. तीन दिवस थुंकी गिळली तरी छातीत निखारा, पेज पण थंड करून. डॉक्टर म्हणाले पेलाभर पाणी प्यायचं आणि अर्धा तास तरी पाठ टेकायची नाही. आवस अजून ऐकवते, "पाणी इकत घेवचा लागता काय तुका?"

मुगाची_खिचडी:
पेज उकड्या तांदळाची ना? नाशकात कुठे मिळेल?

कुडाळचो_झील:
ताई, कोकणी माल ठेवणाऱ्या दुकानात विचारा. लाल घ्या. आणि कुकरला नको हां, टोपात शिजवा.

वहिनी_७१:
माझे दात. जन्म ७१ चा, लहानपणी सारखा घसा धरायचा आणि तेव्हा टेट्रासायक्लिन सर्रास देत. पक्के दात आले ते राखाडी पट्टे घेऊनच. दहावीचा ग्रुप फोटो, लग्नाचा अल्बम, सगळीकडे ओठ मिटलेले. सासूबाईंना वर्षभर वाटत होतं सून चोरून मिश्री लावते. आता आठ वर्षांखालच्या पोरांना शक्यतो देत नाहीत म्हणे.

शेवग्याची_शेंग:
वहिनी, मिश्री वाचून हसले आणि मग कसंतरीच झालं 😔

लालपरी_फॅन:
मला फक्त जुलाब. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह. तीनदा एसटी थांबवली, चौथ्यांदा कंडक्टर म्हणाला काका पैसे परत घ्या पण उतरा.

मुगाची_खिचडी:
दही खायचं हो काका! माझं थंडीत लागत नाही पण, विरजणात मिरचीचं देठ टाकते तरी नाही.

जिना_नको:
सिप्रोफ्लॉक्सासिन, लघवीच्या इन्फेक्शनसाठी. वय ६३, दम्याच्या स्टेरॉइडच्या गोळ्या पण चालू होत्या. चौथ्या दिवशी जिना उतरताना टाचेच्या वर कोणीतरी मागून काठी हाणल्यासारखं झालं. वळून बघतो तर कोणी नाही. टाचेमागची शीर तुटली होती. आदल्या दोन दिवस तिथे दुखत होतं, मी बाम चोळत बसलो. दुखलं की गोळी थांबवून डॉक्टरांना फोन करायचा होता. साठीनंतर आणि स्टेरॉइड असेल तर धोका जास्त, हे मला प्लास्टरमध्ये असताना कळलं.

निशिगंध_क:
गंमत चाललीये पण लिहितेच. अमॉक्सिसिलिनची एकच कॅप्सूल, अर्ध्या तासात अंगभर गांधी, ओठ सुजले, घसा आवळत गेला. शेजाऱ्यांनी गाडी काढली म्हणून इंजेक्शन वेळेत मिळालं. आता फाईलवर लाल पेनाने, पर्समध्ये चिठ्ठी, तरी प्रत्येक नव्या डॉक्टरला आधी तोंडाने सांगते, पेनिसिलिन चालत नाही. नवरा म्हणतो लग्नपत्रिकेतच छापायला हवं होतं.

खवचट_पेठकर:
बापरे. ताई, सांभाळा.

शेवग्याची_शेंग:
धाकटा विचारतोय वरणातला पैसा कधी जाणार. डोस संपला की जाईल म्हटलं. आता मेतकूट-भात कालवलाय, लिंबू जरा जास्तच पिळलंय, खातोय गपचूप.