पायथन नंतर, आधी गच्चीवर खडू

"सहावीतल्या मुलाला पायथनचा क्लास लावू का, नाहीतर मागे पडेल" असं वर ताईंनी विचारलंय, तर माझं मत, पायथन म्हणजे कॉम्प्युटरला सूचना लिहून द्यायची (कोडिंगची) भाषा, ती एवढ्यात नको. 2020च्या शिक्षण धोरणात मिडल स्कूलपासून कोडिंग आहे हे बरोबर, पण त्याच धोरणात कोडी-खेळांतून गणिती विचार शिकवा असंही आहे, ते क्लासवाले सांगत नाहीत (त्याची फी कशी घेणार!).

आमच्या इंदूरच्या बिल्डिंगमध्ये गच्चीवर पोरांसाठी खडूने सॉर्टिंग नेटवर्क, म्हणजे आकडे क्रमाने लावणारं गोल आणि वाटांचं जाळं, काढतो, न्यूझीलंडच्या कॅन्टरबरी विद्यापीठातल्या लोकांनी 'सीएस अनप्लग्ड' म्हणून असे बिनकॉम्प्युटरचे खेळ काढलेत त्यातलंच. सहा पोरं, प्रत्येकाच्या हातात आकड्याची चिठ्ठी, गोलात दोघं भेटले की आकडे बघायचे, लहानवाला डावीकडे, मोठा उजवीकडे, की पुढचा गोल. शेवटी सगळे आपोआप क्रमाने उभे! एकदा एकाने घाईत उलटी वाट धरली आणि शेवटी रांग चुकली, मग पोरं स्वतःच मागे मागे जात कुठल्या गोलात गडबड झाली ते शोधत बसली, डीबगिंग म्हणजे दुसरं काय हो? आणि सातवीतली एक म्हणाली, काका, तीन जोड्या एकदमच भेटू शकतात ना, थांबायचं कशाला. पॅरलल प्रोसेसिंग, पुस्तक न उघडता.

हे जमलं की मग स्क्रॅच (ठोकळे जोडून कोडिंग करायचं), फुकट आहे. पायथन आठवीत बघू. आणि हो, डाव्या-उजव्या वाटांना दोन वेगळ्या रंगांचे खडू घ्या, एकाच रंगात पोरं हमखास गोंधळतात.