शब्दचर्चा : धर्मगुरू गेले, तर ‘निधन’ लिहायचं की ‘ब्रह्मलीन’? आणि ‘वादग्रस्त’चं काय करायचं?

प्रश्न (शाहूपुरी, कोल्हापूर)

नमस्कार. आमच्या भागातल्या वाचनालयात दर महिन्याला भित्तिपत्रक लागतं. या वेळचा विषय आहे अलीकडच्या काळात गेलेले धर्मगुरू आणि त्यांच्या जाण्यावर उमटलेल्या प्रतिक्रिया. मजकूर मी लिहिला. शंकराचार्य स्वरूपानंद सरस्वती (11 सप्टेंबर 2022), आचार्य विद्यासागर महाराज (18 फेब्रुवारी 2024) आणि पोप फ्रान्सिस (21 एप्रिल 2025), तिघांनाही ‘निधन’ हाच शब्द वापरला.

पत्रक फळ्यावर लागायच्या आधीच दोन हरकती आल्या. एक काका म्हणाले, शंकराचार्यांना ‘निधन’ लिहिणं म्हणजे त्यांना चारचौघांत बसवणं; ‘ब्रह्मलीन’ लिहा. एक मावशी म्हणाल्या, 2016 मध्ये शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर बायका चढल्या तेव्हा जे बायकांबद्दल तसं बोलले, त्यांना ‘ब्रह्मलीन’ लिहिलंत तर पत्रक मी लावू देणार नाही. दोघंही आमचे रोजचे वाचक, दोघांनाही दुखवायचं नाही. कोणता शब्द बरोबर?

उत्तर (मंगळवार पेठ)

ताई, आधी ‘निधन’ची बाजू मांडतो, कारण त्याला उगाच कोरडा, सरकारी शब्द समजलं जातं. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात ‘स्वधर्मे निधनं श्रेयः’ आहे. ज्या गीतेवर आद्य शंकराचार्यांनी भाष्य लिहिलं, तिच्यातला हा शब्द त्यांच्या पीठावरच्या माणसाला कमी कसा पडेल? सामगायनात तर सामाच्या शेवटच्या भागालाच ‘निधन’ म्हणतात. गाणं जिथे पूर्ण होतं ती जागा. काकांना हे जरूर सांगा, त्यांना आवडेल.

आता ‘ब्रह्मलीन’. हा शब्द मृत्यूची बातमी देत नाही, मृत्यूनंतर काय झालं ते सांगतो. देह पडला, हे सगळ्यांनी पाहिलं. जीव ब्रह्मात मिसळला, हे शिष्यांची श्रद्धा सांगते. ‘वैकुंठवासी’, ‘कैलासवासी’, ‘ख्रिस्तवासी’, ‘पैगंबरवासी’ हे सगळे याच जातीचे शब्द. माणूस कुठे गेला, याचं उत्तर त्यांच्यात आधीच भरलेलं असतं. घरच्यांनी, शिष्यांनी ते म्हणावं, त्यात खोट काहीच नाही. माझ्या आजोबांच्या नावामागे आम्ही ‘वै.’ लावतो, कारण ते माळकरी होते आणि वैकुंठाला जायचंय हे त्यांनी स्वतःच जन्मभर सांगितलं.

पण तुमचं भित्तिपत्रक शिष्यांचं नाही, वाचनालयाचं आहे. तिथे वाचनालयाच्या तोंडून ‘निधन’ आणि शिष्यांच्या तोंडून ‘ब्रह्मलीन’, असं सरळ लिहा: ‘स्वरूपानंद सरस्वती यांचं निधन झालं. गुरुदेव ब्रह्मलीन झाले, अशी त्यांच्या शिष्यांची भावना आहे.’ काकांचा शब्द राहतो आणि मावशींना तो स्वतःच्या तोंडी घ्यावा लागत नाही.

जाता जाता. आपल्याकडच्या मठांतून ‘ब्रह्मीभूत’ हा शब्द जुना आहे. ‘ब्रह्मलीन’ सध्या जास्त दिसतो तो हिंदी बातम्यांमुळे.

जयसिंगपूर

सर, तुमचं बरंच पटलं, पण विद्यासागर महाराजांच्या बाबतीत नुसतं ‘निधन’ मला चालणार नाही, आणि हे मी श्रद्धेपोटी म्हणत नाही. महाराज मूळचे इथलेच, चिकोडी तालुक्यातल्या सदलग्याचे. छत्तीसगडमध्ये डोंगरगडच्या चंद्रगिरीवर त्यांनी अन्न-पाणी सोडलं, आचार्यपद सोडलं, मौन धरलं आणि तिसऱ्या दिवशी देह ठेवला. याला सल्लेखना म्हणतात. ‘ब्रह्मलीन’ हा शब्द कुठे गेले ते सांगतो, तर ‘सल्लेखना’ कसे गेले ते सांगतो. ही माहिती आहे. ‘निधन’ लिहिलं की माहितीच गळते.

आमच्या भागात 1955 साल अजून सांगितलं जातं. भोजचे शांतिसागर महाराज, कुंथलगिरीवर त्यांनी सल्लेखना घेतली, 18 सप्टेंबरला देह ठेवला. आमच्या घरात कोणी ‘शांतिसागर महाराज वारले’ म्हटलं असतं, तर आजीने जेवणाचं ताट सरकवून ठेवलं असतं. वारणं म्हणजे मरण आपल्याकडे येणं. महाराज मरणाकडे चालत गेले, असं ती म्हणायची.

मंगळवार पेठ

दादा, हे पूर्ण मान्य. माझ्या मांडणीत ही जागा सुटत होती. ताई, विद्यासागर महाराजांसाठी ‘सल्लेखना घेऊन देह ठेवला’ किंवा ‘समाधिमरण’ लिहा. वाटल्यास कंसात ‘अन्न-पाण्याचा क्रमाने त्याग करून स्वीकारलेलं मरण’ असा खुलासा द्या, कारण सगळ्या वाचकांना तो शब्द माहीत नसतो.

इथे एक लक्षात घ्या. याच शब्दावरून देशात खटला झाला. 10 ऑगस्ट 2015 ला राजस्थान उच्च न्यायालयाने संथारा (सल्लेखनेचंच दुसरं नाव) म्हणजे आत्महत्या असं धरून तो दंडनीय ठरवला. त्याच महिन्याच्या 31 तारखेला सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. ‘सल्लेखना’ आणि ‘आत्महत्या’, कृती एकच, पण ज्याने जो शब्द निवडला त्याने निकालही दिला. म्हणून पत्रकात ‘सल्लेखना’ लिहा आणि तिला विरोध करणारे तिला काय म्हणतात, तेही पुढच्या वाक्यात लिहा. शब्द लपवून वाद मिटत नाही.

गडहिंग्लज

आमच्याकडे लिंगायत स्वामी गेले की ‘लिंगैक्य’ म्हणतात, म्हणजे लिंगाशी एकरूप झाले. तुमकूरच्या सिद्धगंगा मठाचे शिवकुमार स्वामी 21 जानेवारी 2019 ला गेले तेव्हा गडहिंग्लजच्या फलकांवर हाच शब्द होता. सामान्य लिंगायत माणसाच्या निधनवार्तेतही तो येतो, फक्त स्वामींसाठी राखीव नाही.

कुरुंदवाड

‘उरूस’ कोणी घेतला नाही म्हणून मी घेतो. अरबीत ‘उर्स’ म्हणजे लग्न. अवलिया देवाघरी गेला तो दिवस त्याच्या मीलनाचा, म्हणून त्याच्या पुण्यतिथीला उर्स. आमच्या शिरोळ-हातकणंगल्यात उरूस म्हणजे गावजत्राच. पाळणे, कुस्त्यांचा फड, मटणाचं जेवण, सगळ्या जातिधर्मांचे पाहुणे. आपण एका माणसाच्या मरणाचा दिवस साजरा करतोय, हे त्या गर्दीत कुणाच्या मनातही नसतं, आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही. ‘पैगंबरवासी’बद्दल मात्र सांगतो. हा शब्द मराठी मुसलमानांनी ‘वैकुंठवासी’च्या बेतावर घडवलेला आहे. आमच्या घरात बोलताना ‘इंतकाल झाला’ म्हणतो, पेपरात द्यायचं असलं की ‘पैगंबरवासी’.

शाहूपुरी

सगळ्यांचे मनापासून आभार. आता दुसरी अडचण. प्रतिक्रियांच्या भागात मी स्वरूपानंदांच्या 2014 च्या साईबाबांविषयीच्या आणि 2016 च्या शिंगणापूरविषयीच्या विधानांचा उल्लेख केलाय. काकांनी त्यावर लाल पेन फिरवला आणि समासात लिहिलं: ‘मरणान्तानि वैराणि. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये.’ या वचनाचा अर्थ खरंच असा आहे का?

मंगळवार पेठ

ताई, हे वचन वाल्मीकी रामायणाच्या युद्धकांडातलं आहे आणि ज्या प्रसंगात आलंय तो पूर्ण वाचला की अर्थ अगदी वेगळा निघतो. याबद्दल मला कळकळीने सांगायचंय, कारण आपल्याकडे हे अर्धं वचन तोंडं बंद करायला वापरलं जातं.

रावण पडला आहे. राम बिभीषणाला म्हणतो, भावाचे संस्कार कर. बिभीषण नाही म्हणतो. ज्याने धर्म सोडला, परस्त्रीला हात लावला, त्याचा संस्कार करणं मला योग्य वाटत नाही, असं तो तोंडावर सांगतो. आता रामाने काय म्हटलं ते पाहा. ‘गेलेल्याबद्दल असं बोलू नकोस’ असं राम म्हणत नाही. तो बिभीषणाचं म्हणणं मान्य करतो: ‘अधर्मानृतसंयुक्तः कामम्’, हा अधर्माने आणि असत्याने भरलेला होता, हे खरंच. आणि लगेच पुढे, पण तेजस्वी होता, बलवान होता, युद्धात शूर होता. मग येतं ‘मरणान्तानि वैराणि निर्वृत्तं नः प्रयोजनम्। क्रियतामस्य संस्कारो ममाप्येष यथा तव॥’ वैर मरणापाशी संपतं, आपलं काम झालं, याचे संस्कार कर, हा जसा तुझा तसा माझाही.

म्हणजे वचन आहे संस्काराबद्दल. प्रेताची विटंबना नको, अग्नी नाकारायचा नाही, सूड पुढे न्यायचा नाही. माणूस काय होता याबद्दल खरं बोलायला त्यात कुठेही बंदी नाही. उलट खुद्द राम त्याच श्वासात रावणाचे दोष आणि गुण दोन्ही बोलतो. तुम्हाला पत्रकात नेमकं हेच करायचंय.

आपल्या गावाकडची रीतही तीच आहे. भावकीत वाद असला, बांधावरून कोर्टकचेरी चालू असली, तरी मातीला माणूस जातो. खांदा देतो, रक्षाविसर्जनाला पंचगंगेवर येतो. आणि म्हणून काही दावा मागे घेत नाही. मातीला जाणं वेगळं, दावा वेगळा, हे इथल्या शेतकऱ्याला कोणी शिकवावं लागत नाही.

राजारामपुरी

हे वाचून बरं वाटलं. एप्रिल 2016 मी विसरलेले नाही. गुढीपाडव्याला शिंगणापूरच्या चौथऱ्यावर बायका चढल्या. त्यानंतर थोड्याच दिवसांत स्वरूपानंद म्हणाले की बायकांनी शनीची पूजा केली तर त्यांच्यावरचे बलात्कार वाढतील. महाराष्ट्रातला दुष्काळ साईपूजेमुळे पडला, असंही त्याच वेळी म्हणाले. तेव्हाच आपल्या अंबाबाईच्या गाभाऱ्यातल्या प्रवेशावरून कोल्हापूर तापलं होतं. मी गाभाऱ्याबाहेर ओटीचं ताट घेऊन रांगेत उभी राहणारी बाई आहे, कोणत्याही संघटनेची नाही. ते वाक्य मला लागलं होतं. ते 2022 मध्ये गेले तेव्हा मी हात जोडले. पण वाक्य आठवणीतून पुसायला मला कोणी सांगू नये.

शाहूपुरी

ताई, तुमचं हे पत्रकात घेऊ का? नाव न घालता.

राजारामपुरी

घ्या. आणि ते 1942 च्या चळवळीत तुरुंगात गेले होते, तेही लिहा. ते मला त्यांच्या मृत्यूनंतरच कळलं.

शाहूपुरी

मग मथळा ‘वादग्रस्त वारसा’ असा देऊ का?

मंगळवार पेठ

हे दोन्ही शब्द टाळा, अशी माझी विनंती.

‘ग्रस्त’ म्हणजे ग्रासलेला. दुष्काळग्रस्त, कर्जग्रस्त. 2019 च्या ऑगस्टमध्ये शिरोळची माणसं छपरावर बसली होती, ती पूरग्रस्त. त्यांनी पूर आणला नव्हता, तो त्यांच्यावर आला होता. ‘वादग्रस्त’ म्हटलं की बोलणाऱ्यावरच वाद कोसळला, असा भास होतो. शिंगणापूरच्या विधानाने ग्रासलं कोणाला, तर रांगेत उभ्या असलेल्या बाईला. जमीन वादग्रस्त असू शकते, कारण तिने काही केलेलं नसतं. माणसाच्या विधानाला ‘विवादास्पद’ बरा. आस्पद म्हणजे ठिकाण, जसं संशयास्पद, आदरास्पद. वाद जिथे उभा राहतो ती जागा. याहून चांगलं म्हणजे विशेषण काढून टाकायचं आणि ते काय बोलले तेच लिहायचं. वाचक ठरवेल.

‘वारसा’ तर तलाठ्याकडे नोंदवायची गोष्ट. वारसाला ती मिळते, आणि मिळाली तर हवीशीच असते असा त्या शब्दाचा कल आहे. इथे तर मागे काय राहिलं यावरच भांडण आहे. ‘मागे काय राहिलं?’ एवढाच मथळा पुरेल.

नागाळा पार्क

पोपबद्दल दोन ओळी. आम्ही ख्रिस्ती घरांत ‘प्रभूमध्ये निद्रिस्त झाले’ म्हणतो, पण पत्रकात ‘निधन’ ठीक आहे. मात्र फ्रान्सिस यांच्याबद्दल फक्त ‘उदारमतवादी पोप’ लिहू नका. समलिंगी जोडप्यांना आशीर्वाद देण्याची मुभा त्यांच्या संमतीने डिसेंबर 2023 मध्ये मिळाली, तेव्हा आफ्रिकेतल्या अनेक बिशपांनी ती नाकारली, आणि इतर काहींना तीच अपुरी वाटली. 2018 मध्ये चिलीतल्या लैंगिक अत्याचारांच्या पीडितांचं म्हणणं त्यांनी आधी बदनामी ठरवलं, मग काही महिन्यांतच आपली गंभीर चूक झाली असं लेखी कबूल केलं. ही दोन्ही वाक्यं एकत्र आली तरच ते माणूस म्हणून दिसतात.

शाहूपुरी

मजकूर नव्याने केला. स्वरूपानंदांचा भाग असा:

‘द्वारका आणि ज्योतिर्मठ या दोन पीठांचे शंकराचार्य स्वरूपानंद सरस्वती यांचं 11 सप्टेंबर 2022 रोजी मध्य प्रदेशात झोतेश्वर येथे वयाच्या 98 व्या वर्षी निधन झालं. गुरुदेव ब्रह्मलीन झाले, अशी शिष्यांची भावना आहे. दुसऱ्या दिवशी आश्रमातच त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. 1942 च्या चळवळीत त्यांनी तुरुंगवास भोगला. साईबाबांची पूजा करू नये, असं त्यांनी 2014 मध्ये सांगितलं, तेव्हा शिर्डीच्या भक्तांनी तीव्र निषेध केला. स्त्रियांनी शनीची पूजा केल्यास बलात्कार वाढतील, असं ते 2016 मध्ये म्हणाले. आमच्या एक वाचक म्हणतात: ते गेले तेव्हा मी हात जोडले, पण ते वाक्य आठवणीतून पुसायला मला कोणी सांगू नये.’

काकांनी वाचलं. थोडा वेळ गप्प राहिले, मग रामायणाचा तो सर्ग कोणत्या कपाटात आहे विचारलं.

मंगळवार पेठ

छान झालंय. दोन दुरुस्त्या. ‘अंत्यसंस्कार’ काढून ‘भूसमाधी देण्यात आली’ करा. संन्यासी दीक्षेच्या वेळीच स्वतःचं श्राद्ध करून अग्नी सोडतो, म्हणून त्याला दहन नसतं, आणि ‘अंत्यसंस्कार’ म्हटलं की वाचकाच्या डोळ्यांपुढे चिताच येते.

दुसरं, त्यांचा जन्म 2 सप्टेंबर 1924 चा. म्हणजे 98 पूर्ण होऊन 99 वं लागलं होतं. ‘वयाच्या 99 व्या वर्षी’ लिहा, नाहीतर सरळ ‘ते 98 वर्षांचे होते’.